काउंटरच्या आतल्या बाजूला

"फोन छान आहे हो तुमचा," दुकानदार म्हणाला, "पण ठेवू कुठे? जागाच नाही."

परदेशी साहेबाने मान डोलावली. सकाळपासूनचं हे बारावं दुकान. मोबाइलच्या त्या गल्लीत सहा कंपन्यांच्या पाट्या एकमेकींच्या डोक्यावर चढून बसल्या होत्या, आणि त्याच्या कंपनीचं नाव अजून कुणाच्या जिभेवर नीट बसतही नव्हतं. विक्री सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. तो नमुन्याचा फोन खोक्यात परत ठेवू लागला.

"बघू जरा," आतून आवाज आला.

काउंटरमागच्या टेबलाशी दुकानदाराची बायको दुरुस्तीला बसायची. डोळ्यावरचं भिंग न काढताच तिने हात पुढे केला. फोन उलटासुलटा करून पाहिला, घंटी एकदा वाजवून ऐकली.

"उघडू?"

"उघड," साहेब म्हणाला. चार महिन्यांत शिकलेल्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही'चं गणित त्याला अजून जमत नव्हतं. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. बायकोला हसू आलं.

तिने कडा तापवल्या, पातळ पत्ती आत सरकवली आणि हलक्या हाताने फिरवत नेली. तिसऱ्या कोपऱ्यावर काच कट्‌कन तडकली.

"अगं, नमुना होता तो!"

"तेच दाखवतेय," ती शांतपणे म्हणाली आणि साहेबाकडे वळली. "बावीस वर्षं हेच करतेय मी. माझ्या हातून तडकली, तर नवशिक्याच्या हातून काय होईल? बॅटरी गोंदाने चिकटवलीय, तीही थेट काचेच्या पाठीला. दोन वर्षांनी बॅटरी उतरली की ती काढताना काच जाणार. इथे माणूस चार-चार वर्षं एक फोन वापरतो, मग धाकट्या बहिणीला देतो. तुमचा फोन बहिणीपर्यंत पोचायचाच नाही. आणि याची घंटी फार सभ्य आहे. बाजारात कुणाला ऐकू यायची नाही."

साहेबाने वही काढली होती. तो एकेक शब्द विचारून लिहून घेत होता.

दुकानदार बायकोच्या कानाशी वाकला. "तुला काय पडलंय? बिघडू देत की. येतील आपल्याच टेबलावर."

"येतील ना. आणि काच फुटली की माणूस तोंड पाडून माझ्यासमोर बसतो. कंपनीसमोर नाही बसत."

साहेबाने तेही लिहून घेतलं. मग तो बाहेर पायरीवर गेला आणि त्याने मुख्य कचेरीला फोन लावला. अर्धा तास तो येरझाऱ्या घालत बोलत होता. आधी हळू, मग चढ्या आवाजात, मग नुसतं ऐकत. नवराबायकोला त्याची भाषा कळत नव्हती. पण माणूस वरिष्ठांशी भांडतोय हे कळायला भाषा लागत नाही.

तो आत आला तेव्हा टाय सैल झाला होता. "विक्री पुढे ढकलली. एक महिना मिळाला. झाकण स्क्रूचं करून बघणार. पुढचं... मी भांडतो."

"आणि तुमची नोकरी?" दुकानदाराने विचारलं.

"आज आहे."

दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं. साहेब बसला नाही. तो टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"अकरा दुकानांत सगळे म्हणाले, फोन छान. कोणी उघडला नाही. तुम्ही उघडला. तुमचे..." शब्द सापडेना. त्याने वहीची पानं उलटून पाहिली. "उपकार."

या वेळी 'तुम्ही' बरोबर जागी पडलं होतं.

"उपकार कसले?" ती म्हणाली. "कंपन्यांची माणसं येतात, ह्यांच्याशी बोलतात, पाटी लावून जातात. मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही. तुम्ही विचारलंत, वहीत लिहिलंत. फार बरं वाटलं." मग उगाचच तिने स्वच्छ भिंग पदराने पुसायला घेतलं.

"उद्या इथे बसू? बघायला?"

दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधीच तो हजर होता. तिने त्याला काउंटरच्या आतल्या बाजूला, टेबलाशी जागा करून दिली. पहिल्या गिऱ्हाईक आल्या त्या जवळच्या शाळेतल्या बाई. फोन चार्ज होत नव्हता, आणि दुपारी मुलीचा फोन यायचा होता. तिने झाकण काढलं आणि टॉर्च साहेबाच्या हातात दिला.

"असा धरा. हलवू नका."

त्याने श्वास रोखून उजेड धरला. ती सुईच्या टोकाने चार्जिंगच्या भोकातला मळ कणाकणाने काढत राहिली. शाळेतल्या बाईंनी त्या टायवाल्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे कोण हो?"

"नवी कंपनी आहे," ती मान वर न करता म्हणाली. "शिकतेय."