सायलेन्सरवरचा डबा

"आधी इंजिन सोडव. मग उंबरा ओलांड," बाप म्हणाला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

धाकट्या मुलाने पिशवीतून नटबोल्ट खोलायचे पाने काढले. घराच्या मागच्या दारासमोर जुना ट्रॅक्टर उभा होता. टायर बसलेले, सायलेन्सरच्या उभ्या नळीत चिंधी कोंबलेली. भिंतीपलीकडे आई खाटेवर होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला ऐकू येईनासं झालं होतं, पण तिचा खोकला बाहेर स्पष्ट यायचा. ती आहे तोवर एकदा तिच्याजवळ बसायचं, एवढ्यासाठीच तो इतक्या वर्षांनी आला होता.

इंजिन जाम झालं ते त्याच्यामुळे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंडपाठ होतं. त्या वर्षी नांगरट उरकून ट्रॅक्टर इथे त्यानेच लावला. पावसाळा सरल्यावर बापाने चावी फिरवली, तर इंजिन ढिम्म. "बिनतेलाचा हाकलला गाढवाने!" बापाने चारचौघांत त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि त्याला घालवून दिलं. आईनेही मान फिरवली. तेल बघितलं होतं की नाही, हे त्याला खरंच आठवेना. पुढे तो मेकॅनिक झाला आणि लोकांच्या गाड्यांचं तेल दोनदोनदा तपासू लागला. गिऱ्हाइकं हसायची. हसणारच, त्यांना काय ठाऊक!

आल्याआल्या त्याने तेल मोजायची काडी ओढून बघितली. ठणठणीत कोरडी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो कामाला लागला. नळीतली चिंधी उपसली, इंजिनात डिझेल फवारणारे वरचे नोझल काढले, त्या भोकांतून डिझेल आणि तेल ओतून मुरू दिलं. रोज फ्लायव्हीलच्या जड चाकाला पहार लावायची आणि थोडं पुढे, थोडं मागे रेटायचं. जोर केला तर मोडतं. रात्री भिंतीलगत गोणपाटावर पडायचा. खोकला थांबला की धसकून उठायचा, सुरू झाला की आडवा व्हायचा.

आज पहार हलली. आत काहीतरी करकरलं आणि इंजिन सुटलं. त्याने आनंदाने पूर्ण फेरा दिला. तीन भोकांतून स्वच्छ डिझेल उडालं. चौथ्यातून गंजाचा लाल चिखल पचकन त्याच्या तोंडावर आला.

त्याने तोंड पुसलं. मग घाईघाईने खाली शिरून तेलाचा चेंबर उघडला. बेअरिंग लखलखीत होते. बिनतेलाचं इंजिन चाललं तर आधी तेच जळतात. हे तेलावाचून जाम झालेलं नव्हतंच. वरून नळीतून पाणी उतरलं होतं. पण नळीवर डबा उपडा घातल्याशिवाय तो कधी पावसाळ्यात ट्रॅक्टर सोडत नसे. त्या वर्षीही घातला होता. एवढं मात्र त्याला पक्कं आठवत होतं.

बाप मागच्या दारात येऊन उभा राहिला. हातातला दाण्यांचा डबा रिकामा होता. डब्याच्या आत सायलेन्सरच्या नळीएवढं काजळीचं काळं कडं होतं.

"बाबा, हा डबा..."

"त्या पावसाळ्यात दाण्यांना घेतला होता. परत नळीवर घालायचा राहिला," बाप म्हणाला. "तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी काडी बघितली. तेल खुणेपर्यंत होतं."

"पण काडी तर कोरडी होती!"

"ओतून दिलं मी. चारचौघांत बोललो होतो. बोललेलं गिळू की काय?"

धाकट्याला राग यायला हवा होता. पण आधी त्याला हलकं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. आपण बघितलं होतं. आपण तेल बघितलं होतं! तो हात पुसत दाराकडे निघाला.

"आईला सांगतो. कानाशी तोंड नेलं तर ऐकेल ती."

बापाने दारात हात आडवा घातला.

"तुम्हीच म्हणाला होता, इंजिन सोडव..."

"सोडव म्हणालो होतो. उघडून बघ म्हणालो नव्हतो. मरताना तिला हे कळायला नको."

आत खोकला सुरू झाला. बापाने वर आभाळाकडे बघितलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"पाऊस येईलसं दिसतंय. जाताना नळीवर घालून जा."