अजून एक छाप

चित्रकार बाईंनी ओली छाप खिडकीशी धरली, बराच वेळ न्याहाळली आणि मान हलवली. पाणी अजून पाण्यासारखं दिसत नव्हतं.

छपाई करणाऱ्या नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलंही नाही. तो फळी कोरायचा, ती रुळाने शाई लावून वरून कागद घासायची. बाईंच्या चित्रातली नदी लाकडावर उतरवायचा हा प्रयोग ऐन उन्हाळ्यात सुरू झाला होता. आता अंगात स्वेटर आले होते.

बाईंचं म्हणणं, काठ जरा गडद हवा. तो थकल्या आवाजात म्हणाला, की काठाचं लाकूड मागच्याच आठवड्यात त्यांच्याच सांगण्यावरून कोरून काढलंय, आता तिथे शाईच लागत नाही. कॅनव्हासवर रंगावर रंग चढवता येतो, इथे गेलेलं लाकूड परत येत नाही. मग तिथे तुकडा बसवू, बाई म्हणाल्या. असे तुकडे बसवून बसवून फळीची आधीच नुसती ठिगळं झाली होती.

बायकोने दुखरं मनगट दाबत विचारलं, "ताई, घरी चित्र पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळायचं?"

बाई स्टुलावर बसल्या. "मला कुठलं कळतंय! हे मागून यायचे आणि हातातला ब्रश काढून घ्यायचे. मी चिडायचे, भांडायचे. पण ब्रश काही परत द्यायचे नाहीत." मग म्हणाल्या, "ते गेल्यापासून एकही चित्र पूर्ण झालेलं नाही."

बाई पेन्सिल घेऊन फळीवर तुकड्याची जागा आखायला लागल्या. बायको हात पुसून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. वाकून तिने त्यांच्या बोटांतली पेन्सिल हलकेच काढून घेतली आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचली.

बाई चिडल्या नाहीत. रिकाम्या बोटांकडे बघत बसल्या. मग कागदांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला.

नवऱ्याने छाप दोरीवर वाळत घातली. दोन पावलं मागे सरून तो पाहत राहिला.

"काठ खरंच फिका आहे गं," तो कुजबुजला.

"माहितीये," ती म्हणाली, आणि रुळावरची शाई पुसायला बसली.