नागूची तब्येत

"तुम्हीच का नागूबाबा?" डॉक्टरीणबाईंनी ओटीवर पाय ठेवत विचारलं.

"आता इथं दुसरा कोण बसलाय?" बाकावरचा म्हातारा म्हणाला. "या, बसा."

बाई नव्या होत्या. अडुसष्ट साली आधीच्या डॉक्टरांनी लोधिवलीतल्या म्हाताऱ्यांना काय खाता, किती खाता विचारून कार्डं केली होती. ज्यांच्या अंगात लोह नाही, जीवनसत्त्व नाही, त्यांना तेव्हापासून गोळ्या आणि दुधाच्या भुकटीचे डबे येत होते. डॉक्टर बदलून गेले, डबे येत राहिले. आता बाई तब्येती बघायला आल्या होत्या. ज्याला गुण आला त्याचं पुढं चालू, बाकीच्यांचं बंद. नागूचं कार्ड सगळ्यांत वाईट होतं.

"तेव्हा दोन्ही वेळा पेज न् मीठ," बाई म्हणाल्या. "पालेभाजी पावसाळ्यापुरती. दूध कधीच नाही. आणि आता?"

"नाचणीची भाकरी. शेवग्याचा पाला, जवळा. अंडं रोजचं. निजताना पेलाभर दूध."

"दूध कुठलं?"

"घरच्या म्हशीचं."

"तेव्हा म्हैस नव्हती."

"तुमच्या गोळ्यांनी अंगात जोर आला, बाई. जोर आला की म्हैस येती."

घरची सून जिजा दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

बाईंनी म्हाताऱ्याची पापणी ओढली. आत डाळिंबाचा दाणा. दंड चेपला, नखं बघितली, भिंतीला उभं करून उंची घेतली. उंची चार बोटं वाढली होती. सत्तरीतल्या माणसाची उंची वाढते, हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

"तवा वाकून उभं ऱ्हायाची सवय व्हती," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात गडी पाण्याचा तांब्या घेऊन आला. तोही म्हाताराच, पण काटकुळा. दिवेलागणीची वेळ. त्याला उंबरा दिसला नाही. तांब्या गडगडत बाईंच्या पायापाशी येऊन थांबला.

"अंधार पडला की दिसत नाही का, बाबा?"

गड्यानं आधी बाकाकडं बघितलं. "दिसतं की. जेवढं बघायचं तेवढं."

बाईंनी त्याचीही पापणी ओढली. पांढरीफटक. "काय खाता?"

"पोटभर."

"पोटभर काय?"

"आसंल ते."

"शेवग्याचा पाला तरी खात जा."

"झाड माजं नाय, बाई."

बाई बाकाकडं वळल्या. "खरी गरज ह्यांना आहे. तुम्हाला आता गोळ्या नसल्या तरी चालेल."

जिजाचा पदर तोंडावरून खाली आला.

"एका घराला एकच कार्ड, आसं तुमच्याच डॉक्टरनी ठरवलं," म्हातारा शांतपणे म्हणाला. "ते कार्ड तुमच्या हातात हाय. त्यावरचं नाव सोडून दुसऱ्याला दिलंत आन् उद्या वरच्यांनी इचारलं, तर आमचं काय जातंय? नोकरी तुमची."

बाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. सबंध लोधिवलीत गुण आलेला हा एवढाच माणूस सापडला होता. तोही कार्डावरून खोडला, तर वर दाखवायला काहीच उरत नव्हतं. त्यांनी सही केली. पुढची पाच वर्षं चालू.

"जपा स्वतःला, नागूबाबा," त्या उठत म्हणाल्या. "आणि तुमच्या ह्या गड्याच्या पोटाकडंही बघत जा."

"बघतो ना. घरचाच हाय तो."

ड्रायव्हरनं जीपमधले डबे ओटीवर उतरवले. जीप शिळफाट्याच्या दिशेनं गेली. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत म्हातारा बाकावर ताठ बसून राहिला. मग त्यानं पाय पसरले आणि गड्याला हाक मारली.

"नागू, तुजं डबं उचल आन् माज्या खोलीत नेऊन ठेव."