घसा बसलाय

"दम ऐकू येत नाही," पंचांनी उत्तराला ताकीद दिली. "पुन्हा तोंडातल्या तोंडात पुटपुटलीस तर बाद."

जोगेश्वरीच्या मैदानावर शेवटची दोन मिनिटं उरली होती. वाकोल्याचा संघ दोन गुणांनी पुढे होता. कडेला बँकेची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. त्यांना आज आपल्या संघासाठी एक मुलगी निवडायची होती. निवड म्हणजे कायमची नोकरी. वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून घरात त्या नोकरीचाच जप चालला होता. उत्तराला दरदरून घाम फुटला होता. हरण्याची भीती नव्हती. तोंड मिटून कबड्डी खेळता येत नाही, याची होती.

गेले पाच महिने तिचे प्रशिक्षक शिवदास सर तिला ताकदीची इंजेक्शनं देत होते. ताकद आली होती, खोटं कशाला बोला? तिघी-तिघींना ओढत ती मध्यरेषेपर्यंत यायची. पण गणपतीच्या सुमारास तिचा आवाज फुटला, मिसरूड फुटणाऱ्या पोराचा फुटतो तसा. तेव्हापासून घरी ती मानेनेच हो-नाही करायची. घसा बसलाय, एवढंच सांगायची. आई बिचारी ज्येष्ठमध उगाळून थकली. एवढी चिवट सर्दी अख्ख्या चाळीत कुणाला झाली नव्हती.

सरांना तिने रडत विचारलं होतं.

"नोकरी लागली की बंद करू," सर म्हणाले होते. "सोडलं की आवाज येतो परत. घसा काय पळून जातोय?"

त्या एका वाक्यावर तिने दिवस ढकलले होते.

तिची चढाईची वेळ आली. तिने डोळे मिटले आणि ओरडली, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

 कुणीतरी शिट्टी मारली. "पोरगी की पोरगा रे?" लोक हसले. काठावर उभ्या आईने पदर तोंडाला लावला. उत्तरा दोघींना बाद करून परतली.

वाकोल्याची आता एकटी जयंती उरली. सामनाभर ती नुसती पकडीला उभी होती. आता चढाईला येणं भाग होतं. ती आली, आणि तिच्या तोंडून जो दम निघाला तो उत्तराच्याही आवाजापेक्षा जाड होता.

उत्तराच्या जिवात जीव आला. म्हणजे आपण एकट्या नाही! तिने झेप घेऊन जयंतीचा पाय धरला. बाकीच्या वरून कोसळल्या. पंचांची शिट्टी वाजली. सामना जिंकला होता. बँकेचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मातीत पडल्या पडल्या उत्तरा जयंतीच्या कानाशी लागली. "घाबरू नको गं. इंजेक्शन सोडलं की आवाज येतो परत."

जयंती कोपरावर टेकून उठली.

"मला सोडून दीड वर्ष झालं," ती म्हणाली.