तीन लाल गाठी

"नाव ओरडायचं तर माणूस तसा लागतो, ममाँ," दोदो म्हणाला. "मंत्री लागतो, हिऱ्यांचा व्यापारी लागतो. गेला बाजार फुटबॉल क्लबचा अध्यक्ष तरी. तुझा मुकेंडी कोण?"

"माझा मुलगा," कापिंगा म्हणाली आणि शिलाई मशीन चालवत राहिली. तिला सगळी वस्तीच ममाँ, म्हणजे आई, म्हणायची.

दोदो बँडमध्ये ओरडायच्या कामावर होता. गाणं अर्ध्यावर आलं, गिटारी धावायला लागल्या, की मध्येमध्ये नावं ओरडायची आणि लोकांना नवी पावलं सांगायची. किन्शासात गाणाऱ्याइतकाच मान ओरडणाऱ्याला. गाण्यात नाव पडावं म्हणून मोठमोठे लोक त्याच्याकडे पाकिटं पाठवायचे. कापिंगाकडे कसलं पाकीट? तिनं बँडच्या अकरा जणांचे कोट शिवून दिले होते, चमकत्या बटणांसकट, आणि बदल्यात एक नाव मागितलं होतं.

मुकेंडी चार वर्षांपूर्वी घरातून निघाला होता. आधी वाळवंट, मग समुद्र, मग पलीकडे नोकरी. पोचल्यावर फोन करतो म्हणाला. तो मेला फोन काही आला नाही. कापिंगाचा हिशेब साधा होता. आपली गाणी कुठं पोचत नाहीत? तो असेल तिथं कधीतरी हे गाणं वाजेल. स्वतःचं नाव ऐकून लाजेकाजेस्तव तरी फोन करेल.

"अगं, निम्म्या शहराचं नाव मुकेंडी आहे," दोदो हसला. "उद्या दोनशे मुकेंडी दारात येऊन बसतील. जेवायला घालशील सगळ्यांना?"

कापिंगानं खुंटीवरून एक जुना सदरा काढला आणि कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला लाल दोऱ्याच्या तीन गाठी होत्या, ओळीनं. शाळेत सदऱ्यांची अदलाबदल व्हायची म्हणून तिनं ही खूण सुरू केली होती. पोराला मिशा फुटल्या तरी ती सोडली नाही. निघाला त्या दिवशीच्या सदऱ्यालाही तिनं गाठी घातल्या होत्या, आणि तो वैतागला होता.

"दुसऱ्या कुणाच्या कपड्याला मी ही खूण करत नाही," ती म्हणाली. "हे ओरड."

दोदोनं गाठींवरून बोट फिरवलं. मग ओठांतल्या ओठांत मोजलं, एक, दोन, तीन.

गाणं आलं आणि शहराला वेड लागलं. लुबा लोकांचा कमर हलवणारा ढोल, नदीकाठची जुनी रुंबाची गिटार आणि दक्षिणेकडचा तो छातीत घुमणारा ठोका. आमच्याकडचे म्हातारे म्हणाले, ही कसली खिचडी! आणि मग तेच सगळ्यांच्या आधी उठून नाचले. गिटारी धावायला लागल्या की दोदो गळा फाडायचा, "मुकेंडी! कॉलर उलट! एक लाल, दोन लाल, तीन लाल! आईला फोन लाव!" लोक कॉलर उलटवून तीनदा बोट टेकवायचे आणि मूठ कानाला लावून गिरकी घ्यायचे. चौकातला पोलीस रहदारी सोडून तेच करायचा. नैरोबीत, अबिजानमध्ये, लग्नांत, प्रचारसभांत तेच.

व्हिडिओखाली दोदोनं कापिंगाचा नंबर दिला होता. फोन सारखा वाजायचा. "आई, मीच तो," म्हणणारे नऊ जण झाले. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "लहानपणी तुला काय खाल्लं की ओकारी यायची?" एक जण म्हणाला, तळलेले सुरवंट. मुकेंडी तर सुरवंट ताट चाटून खायचा. कापिंगानं त्याला चार शिव्या घातल्या आणि मग ती बराच वेळ रडली.

तीन महिन्यांत त्या गाठींची फॅशन झाली. कापिंगा दोरा आणायला बाजारात गेली, तर वाटेवर सदऱ्यांचे ढीग, आणि प्रत्येक कॉलरला तीन लाल गाठी. विकणारा ओरडत होता, "मुकेंडी घ्या, मुकेंडी!" तिच्या लेकाची एवढी एक खूण होती, तीही आता त्याची राहिली नव्हती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा त्या गाण्याच्या नावानं तळतळाट केला.

फोन आला तो एका दुपारी. बाहेर शेजारणी गाणं लावून नाचत होत्या. नंबर लांबचा होता.

"ममाँ कापिंगाच ना? मी लिमेटेचा, आपल्याच शहरातला. पलीकडे जायला निघालो होतो, इकडं अलीकडच्या काठालाच अडकलो. कबरी खणतो आता."

हा काही "मीच तो" म्हणाला नाही, म्हणून कापिंगानं त्याला नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"काल इथं एका बारशाला तुमचं गाणं लागलं, ममाँ. मी पहिल्यांदाच ऐकलं. सगळे कॉलर उलटवून नाचायला लागले आणि माझे पायच हलेनात. समुद्रानं आणून टाकलेल्या एका पोराचा सदरा मी या हातांनी उतरवला होता. निळा. कॉलरच्या आत तीन लाल गाठी होत्या. नाव कळेना, म्हणून पाटीवर नुसता आकडा घातला."

कापिंगानं डोळे मिटले. मग ती चक्क हसली.

"घाबरवलंस की रे लेकरा! अरे, आता सगळ्या जगाच्या कॉलरला तीन गाठी असतात. इथं ढिगानं विकतात, ढिगानं! निळे तर कितीतरी. कुणाचं तरी पोर असेल बिचारं."

बाहेर गाण्यातला दोदो ओरडत होता, आईला फोन लाव, आईला फोन लाव.

"ममाँ," फोनवरचा माणूस म्हणाला, "गाणं यंदाचं आहे. मी त्याला पुरलं, त्याला चार वर्षं व्हायला आली."