बारा महिने गारा

"उचल भंडारा," भगवानराव म्हणाले.

आप्पारावाचा हात हळदीच्या ताटापर्यंत गेला आणि तिथेच अडला. मांजरसुंब्याच्या घाटावरची सगळी धनगरवस्ती खंडोबाच्या देवळापुढे जमली होती. भगवानराव वस्तीचे कारभारी. भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारा माणूस या वस्तीत आजवर निपजला नव्हता. निदान सगळ्यांचा तसा समज होता.

प्रश्न एकच होता. मुंजाजी जिवंत आहे की मेला?

आप्पाराव, गहिनीनाथ आणि मुंजाजी असे तिघे जण मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, सरहद्द ओलांडून एकत्रच गेले होते. इंग्रजांची लढाई जुंपली होती आणि नगरच्या छावणीत खेचरं हाकायला माणसं हवी होती. बोटीत घालून त्यांना पार आफ्रिकेत नेऊन उतरवलं. त्यातला आप्पाराव आधी परतला. वस्तीच्या तोंडाशीच मुंजाजीची बायको सत्यभामा आडवी आली. "आमचे कुठं हायत, भावजी?" आणि आप्पारावाच्या तोंडून निघून गेलं, "येतोय मागनं." एवढंच. ती त्याच पावली घरी गेली आणि तिनं चूल सारवायला घेतली.

पुढं दिवाळी झाल्यावर गहिनीनाथ आला. त्यानं सांगितलं, मुंजाजी मेला. थंडीनं मेला.

गहिनीनाथ मुळातच बोलघेवडा. आल्या आल्या त्यानं त्या मुलखाच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि वस्तीनं त्या पचवल्याही होत्या. पट्ट्यापट्ट्यांची गाढवं पचवली. वाघाला पट्टे असतात तर गाढवानं काय घोडं मारलंय? उभ्या उभ्या बाभळीचा शेंडा ओरबाडणारं लांब मानेचं जनावर पचवलं. गाईच्या मानेची शीर टोचून, ते रक्त दुधात घालून पिणारे गुराखीसुद्धा नाक मुरडत पचवले. पण डोक्यावर उभा सूर्य आणि समोरच्या डोंगरावर बारा महिने गारा? त्याही न वितळणाऱ्या? आणि असल्या उन्हाच्या मुलखात आपला धडधाकट माणूस थंडीनं मरतो? हे मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना. गारा खोट्या, म्हणजे मरणही खोटं. जित्या माणसाला मेला म्हणणाऱ्याला वाळीत टाकायचं, हे ठरल्यातच जमा होतं. आप्पारावानं फक्त भंडारा उचलून सांगायचं होतं की असला डोंगर नाही.

आप्पारावाला परतल्यापासून अन्न गोड लागत नव्हतं. आपल्या एका शब्दावर एका बाईचं कुंकू टिकून आहे, अशी तो मनाची समजूत घाली. ती त्याला स्वतःलाच पटत नसे. सत्यभामा लांबून दिसली की तो वाट वाकडी करायचा. ती मात्र गाठून त्याला तोंडभर दुवा द्यायची. त्या दुव्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला वाटे.

"का थांबलास रं?" मागून कुणीतरी ओरडलं.

गहिनीनाथ समोरच उभा होता, मान खाली घालून. त्यानं आप्पारावाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं. वस्तीला त्यानं त्यातलं निम्मंच सांगितलं होतं आणि उरलेलं निम्मं सांगून सुटायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आप्पारावाला आपलीच किळस आली.

सत्यभामा पायरीशी नारळ घेऊन आली होती. नवऱ्याच्या नावानं फोडायचा नारळ. "उचला, भावजी," ती हसून म्हणाली. "तुमी खोटं बोलायचे न्हाई."

आप्पारावानं हात मागं घेतला.

"डोंगर हाय," तो म्हणाला. "गारा बी हायत. म्या ह्याच डोळ्यांनी बघितल्या."

वस्तीत एकच गलका उडाला. डोंगर केवढा, गारा केवढ्या, तिथं मेंढरं चरतात का, जो तो विचारू लागला. भगवानराव "पुन्हा सांग, पुन्हा सांग" म्हणत पुढं सरकले. जन्मात घाटाखाली न उतरलेली माणसं त्या पांढऱ्या डोंगरासाठी एकमेकांना ढकलत होती. आपण काय ऐकलं हे त्यांच्यातल्या एकालाही उमगलं नव्हतं. सत्यभामेला उमगलं. तिनं नारळ पायरीवर ठेवला आणि ती खाली बसली. रडली नाही. बराच वेळ ती काहीतरी जुळवत असल्यासारखी जमिनीकडे बघत राहिली.

"म्हंजी थंडी व्हतीच," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून गलका थांबला. "पर भावजी, त्यांच्यापाशी घोंगडं व्हतं की. चांगलं जाड. म्याच बांधून दिलतं."

"वयनी, ऱ्हाऊ द्या आता," गहिनीनाथ घाईघाईनं मधे पडला. "गेलेलं माणूस काय..."

पण आप्पारावानं ओंजळभर भंडारा उचलला होता. आता त्याला कुणीही उचल म्हटलेलं नव्हतं.

"माझं घोंगडं म्या मुंबईच्या गोदीत तमाखूपायी देऊन टाकलं. उन्हाच्या मुलखात कशाला लागतंय, म्हणलं. त्या डोंगराच्या अंगाला तळ पडला त्या राती मी लई कुडकुडत व्हतो. मुंजाजीनं आपलं काढून मला दिलं. म्हणला, आर्धी रात तू घे, आर्धी रात मी घेतो." हळद त्याच्या बोटांमधून गळत होती. "आर्ध्या राती त्यानं मला हाक मारली, वयनी. परत मारली. मी जागाच व्हतो."