उरलेली स्प्रिंग

पाच गटांनी पाच इंजिनं खोलून पुन्हा जोडायची, अशी परीक्षा होती. "ट्रेमध्ये एकही भाग उरला तर गाठ माझ्याशी आहे," असं वर्कशॉपच्या सरांनी आधीच बजावलं होतं.

आणि चष्म्यामुळे वर्गात जिला सगळे चश्मिष म्हणत, तिच्या ट्रेमध्ये नेमकी एक बारकी स्प्रिंग उरली. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट असा इंजिनाच्या चार टप्प्यांचा जप करत तिनं अख्खं इंजिन डोळ्यांपुढे फिरवलं, कार्बोरेटरचं झाकण पुन्हा उघडलं आणि स्प्रिंग आत दाबून बसवली.

"इथलीच होती गं बाई!" ती जोडीदारणीला म्हणाली.

बाकीच्या चारही टेबलांवर पोरं उरलेला भाग गुपचूप खिशात, मोज्यात कोंबत होती. ते बघून तिला हसू आवरेना. त्यात तिचं इंजिन पहिल्याच किकला धडधडायला लागलं! दोघींनी तेलकट हातांनी टाळी दिली आणि जागच्या जागी नाचून घेतलं.

तेवढ्यात सरांनी समोर एक रिकामा डबा ठेवला.

"प्रत्येक ट्रेमध्ये मी शिलाई मशीनची एक स्प्रिंग टाकली होती. खरं कोण बोलतं ते बघायला. चला, टाका परत. घरी बायको शोधत बसलीय."

माना खाली घालून चार गटांनी चार स्प्रिंगा डब्यात टाकल्या.

"आणि तुमची?"

चश्मिषनं धडधडणाऱ्या इंजिनाकडे बघितलं. मग सरांकडे.

"सर, आमची कामाला लागली."